मंडळीसमोर उभे राहून उपकारस्तुती कशी करावी

संकट आले की आपण मंडळीला, म्हणजे आपल्या चर्चमधल्या विश्वासी लोकांना, प्रार्थनेची विनंती करतो. शस्त्रक्रिया असो, नोकरी असो किंवा घरातले कोणी दुरावलेले असो, उपासनेत नाव वाचले जाते आणि सगळे मस्तक लववतात. त्या प्रार्थनेचे पुढे काय झाले, हे मात्र मंडळीला पुष्कळदा कळतच नाही. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या मंडळीला, लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (1:11) ही साखळी पूर्ण करून दाखवली आहे: पुष्कळांनी प्रार्थना केली, म्हणून पुष्कळांच्या मुखातून उपकारस्तुतीही, म्हणजे देवाचे आभार मानणेही, व्हावी. तेव्हा ज्यांनी तुमच्यासाठी गुडघे टेकले, त्यांच्याकडे परत येणे ही उपकारस्तुतीची पहिली पायरी आहे. लूकच्या शुभवर्तमानातल्या 17 व्या अध्यायातल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी शुद्ध सगळेच झाले, पण मोठ्याने देवाचे गौरव करीत मागे फिरला तो एकच, आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत अशा लोकांपैकी, होता. त्याने येशूचे आभार मनातल्या मनात मानले नाहीत, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

परत येण्यास फार दिवस लावू नयेत. जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या 7 व्या अध्यायात उपकारस्तुतीच्या यज्ञाचे मांस त्याच दिवशी खाऊन संपवावे, सकाळपर्यंत काही उरू देऊ नये, असा नियम आहे. एवढे मांस एका कुटुंबाला एका दिवसात संपणे कठीणच, म्हणजे इतरांना पंक्तीला बोलावणे ओघाने आले. आपली साक्षही, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले याचे कथन, ताजी असतानाच वाटावी. पाळकांना आठवडाभर आधी सांगावे, किती वेळ मिळेल ते विचारावे आणि साधारण तीन मिनिटांत मावेल एवढेच कागदावर लिहून काढावे. कागद हातात घेऊन उभे राहण्यात कमीपणा मानू नये, कारण भावना दाटून आल्यावर तोच आधार देतो.

काय लिहावे, याचा उत्तम साचा बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या 107 व्या स्तोत्रात आहे. त्यात अरण्यात वाट चुकलेले, बंदिवासात पडलेले, दुखण्याने मरणाच्या दारी पोचलेले आणि समुद्रावर वादळात सापडलेले अशा चार प्रकारचे लोक येतात, आणि चारही वेळा क्रम एकच राहतो: संकट, धावा, सुटका आणि मग उपकारस्तुतीचे आवाहन. या चारपैकी एकही दुवा गाळू नये. बहुतेक जण सुटका सांगून थांबतात आणि धावा विसरतात, तर काही जण संकटाचे वर्णन इतके लांबवतात की देवासाठी शेवटचे अर्धे वाक्यच उरते.

उदाहरणार्थ, ‘प्रभूने मला पुष्कळ आशीर्वाद दिला, त्याच्या कृपेने सर्व काही सुरळीत झाले’ हे वाक्य खरे असले तरी ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी असे म्हणता येईल: ‘वडील अकरा दिवस अतिदक्षता विभागात होते. नवव्या रात्री मला प्रार्थनेला शब्द सुचेनात, म्हणून मी बाहेरच्या बाकावर बसून फक्त “प्रभू, दया कर” एवढेच म्हणत राहिलो. अकराव्या दिवशी त्यांनी डोळे उघडले आणि मला नावाने हाक मारली. तुम्ही आमच्यासाठी प्रार्थना केली होती, आता माझ्याबरोबर प्रभूचे उपकार माना.’ हे म्हणायला अर्धे मिनिटही लागत नाही, आणि तरी तो बाक ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. त्याच उपासनेत असे कोणी तरी बसलेले असते, ज्याच्या वडिलांनी डोळे उघडले नाहीत. म्हणून ‘माझा विश्वास दृढ होता, त्यामुळे प्रभूने ऐकले’ असे कधीही म्हणू नये. त्या वाक्याचा दुसरा अर्थ त्या माणसाच्या काळजात जाऊन बसतो. 107 व्या स्तोत्रातले बंदिवान आणि आजारी तर स्वतःच्या अपराधामुळे संकटात सापडले होते, असे ते स्तोत्र स्पष्ट सांगते, आणि तरीही देवाने त्यांचा धावा ऐकला. सुटकेचे श्रेय सुटलेल्याच्या योग्यतेला तिथे जराही दिलेले नाही. येशूच्या दाखल्यात मंदिरात उभा राहून ‘देवा, मी तुझे आभार मानतो’ असे म्हणणारा परूशीही, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदीही, शब्दांनी उपकारस्तुतीच करीत होता, पण त्याच्या प्रत्येक वाक्याची नजर पापी मानल्या गेलेल्या शेजारच्या जकातदारावर होती.

ज्यांचे दुःख अजून सरलेले नाही, त्यांनाही बोलण्याची मुभा असावी, असे मी आग्रहाने म्हणेन. सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, या पौलाने थेस्सलनीकाकरांना पत्रातून दिलेल्या आज्ञेचा अर्थ दुःखालाच चांगले म्हणा, असा होत नाही. हबक्कूक संदेष्ट्याने अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, गोठ्यात गुरे नाहीत, ही सगळी उणीव एकेक करून मोजली आणि त्यानंतरच परमेश्वराच्या ठायी आनंद करण्याचे शब्द उच्चारले. विधवा झालेल्या बहिणीने ‘या महिन्यात मी एकही रात्र एकटी जेवले नाही, त्याबद्दल प्रभूचे आभार’ एवढेच म्हटले तरी ती पूर्ण उपकारस्तुती आहे.

दुसऱ्याचे आजारपण, कर्ज किंवा घरातला कलह त्याच्या परवानगीवाचून सांगू नये. मदत केलेल्या माणसांचा उल्लेख जरूर करावा, मात्र ती देवाच्या हातची माणसे होती हे झाकले जाऊ नये.

शेवटचे वाक्य देवाशी बोलावे. 116 वे स्तोत्र परमेश्वराविषयी सांगता सांगता मध्येच वळते आणि त्यालाच ‘तू माझा जीव मरणापासून सोडवला’ असे म्हणते. आपणही मंडळीला सांगून झाले की डोळे मिटून ‘प्रभू, हे तू केलेस’ असे म्हणावे. पौलाने पहिल्या करिंथकरांस पत्रात (14:16) विचारले आहे की, तू काय बोलतोस हे ज्याला कळत नाही तो तुझ्या उपकारस्तुतीला ‘आमेन’ कसे म्हणेल? म्हणून आवाज मागच्या बाकापर्यंत पोचावा, शब्द साधे असावेत आणि ‘आमेन’ म्हणायला मंडळीला क्षणभर जागा द्यावी.

उपासना चालवणाऱ्यांना एक सूचना. साक्षीसाठी प्रभुभोजनाआधीची (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीआधीची) वेळ मला विशेष योग्य वाटते, कारण प्रभुभोजनाला प्राचीन मंडळीने दिलेल्या युखारिस्तिया या ग्रीक नावाचा अर्थच उपकारस्तुती आहे. ज्यांना उभे राहून बोलणे जमत नाही, त्यांच्यासाठी 136 वे स्तोत्र हाती घ्यावे. त्यातल्या 26 ही ओवींच्या शेवटी ‘कारण त्याची दया सनातन आहे’ हेच पालुपद येते. पुढाऱ्याने ओवीचा पूर्वार्ध वाचावा आणि मंडळीने पालुपद म्हणावे. स्तोत्र संपल्यावर ज्याला वाटेल त्याने बसल्या जागेवरून आपली एक ओळ जोडावी, ‘त्याने माझ्या मुलाला घरी आणले’ एवढी लहानशी, आणि सर्वांनी पुन्हा तेच पालुपद म्हणावे.