हिंगण्याच्या भट्टीसाठी सिलिकॉन मागवताना

भाव विचारायच्या आधी आपण ओतणार काय, ते कागदावर लिहून ठेवा. नागपूरजवळ हिंगणा-बुटीबोरीकडे अ‍ॅल्युमिनियम ओतकामाची नवी भट्टी लावली, की बहुतेक वेळा एलएम२५ किंवा एलएम६ या अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातूंपासून सुरुवात होते. पहिल्यात सिलिकॉन साडेसहा ते साडेसात टक्के, दुसऱ्यात १० ते १३. लोहाची मर्यादा अनुक्रमे ०.५ आणि ०.६ टक्के.

मग सिलिकॉनच्या ग्रेडचा आकडा वाचायला शिका. ५५३ म्हणजे लोह आणि अ‍ॅल्युमिनियम प्रत्येकी जास्तीत जास्त ०.५ टक्के, कॅल्शियम ०.३. ४४१ मध्ये हेच ०.४, ०.४, ०.१. २२०२ मध्ये ०.२, ०.२ आणि कॅल्शियम फक्त ०.०२. मधल्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या अंकाची चिंता आपल्याला नको, भट्टीत अ‍ॅल्युमिनियमच आहे! ४२१, ४११ हे बहुतेक सिलिकोन रबर आणि सीलंटची रसायनं बनवणाऱ्यांचे ग्रेड, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आता हिशेब करा. टनभर एलएम२५ ला साधारण ७० किलो सिलिकॉन. ५५३ मधून लोह येईल फार तर ३५० ग्रॅम, २२०२ मधून १४०. फरक टनामागे २१० ग्रॅमचा. मी सुरुवातीला हौसेनं २२०२ घेतलं, तरी लोह चढतंच राहिलं. ते येत होतं ढवळायच्या उघड्या सळईतून आणि भंगारात राहिलेल्या स्क्रूंतून. म्हणून आधी सळईला कोटिंग, भंगाराची निवड, आणि ५५३. ग्राहकानं ए३५६ हा मिश्रधातू मागितला, लोह ०.२ टक्क्यांच्या आत, तरच महाग ग्रेडकडे वळा, तेही प्रायमरी इंगटसोबत, म्हणजे भंगाराऐवजी नव्या अ‍ॅल्युमिनियमच्या लाद्यांसोबत.

ऑर्डरमध्ये तुकड्यांचा आकार लिहूनच द्या, १० ते ५० मिलिमीटर. सिलिकॉन १४१४ अंशांना वितळतं, आपली भट्टी साडेसातशेच्या आसपास, म्हणजे ते वितळत नाही, विरघळतं. चुरा वरच्या ड्रॉसमध्ये, म्हणजे धातूवर तरंगणाऱ्या मळीत, अडकतो आणि पैसे ड्रॉससोबत जातात.

माल उतरला की दोन-तीन बॅगांतून नमुना घ्या. शंका आली तर एक तुकडा आधी कोरडा, मग पाण्यात टांगून तोला. घनता २.३ च्या आसपास हवी. तीनच्या जवळ गेली तर फेरोसिलिकॉन, म्हणजे लोहमिश्रित सिलिकॉन, गळ्यात मारलंय.

जूनच्या आधी बॅगा फळ्यांवर, भिंतीपासून दूर, ताडपत्रीखाली. ओला तुकडा वितळलेल्या धातूत गेला तर स्फोट होतो. टाकण्याआधी भट्टीच्या कडेला चांगला तापवून घ्या.