ब्लॅक दिग्दर्शकांच्या शॉर्ट फिल्मवर काम करायचंय? आधी बजेट मांडायला शिका

अमेरिकेत फिल्म शिकायला आलेली मराठी मुलं हमखास विचारतात, वर्णभेद, पोलिसी हिंसा, तुरुंग अशा विषयांवर शॉर्ट फिल्म करणाऱ्या नव्या ब्लॅक दिग्दर्शकांबरोबर काम करायचंय, शिरकाव कुठून होईल? बहुतेकांच्या डोक्यात पटकथा किंवा दिग्दर्शन असतं. मी फिलाडेल्फियात अशा फिल्मचं प्रॉडक्शन सांभाळते, आणि माझं उत्तर ऐकून त्यांचे चेहरे पडतात. विषय आणि कल्पना या दिग्दर्शकांकडे भरपूर असतात. बजेट मांडणारं, रिलीज फॉर्मवर (चित्रण वापरायच्या लेखी परवानगीवर) वेळेत सह्या घेणारं आणि शूटिंग संपल्यावरही टिकून राहणारं माणूस मात्र शोधूनही मिळत नाही.

शूटिंगपुरते पैसे कसेबसे उभे राहतात. मित्र कॅमेरा देतो, कुणाची मावशी जेवण बनवते. गाडी अडते ती पुढे: साउंड मिक्स, कलर, सबटायटल, फेस्टिवलच्या प्रवेशफिया आणि संगीताचे हक्क. यातल्या शेवटच्या बाबीला हलकं समजू नका. ब्लॅक दिग्दर्शक चार्ल्स बर्नेट यांनी युसीएलए या विद्यापीठात शिकत असताना दहा हजार डॉलरहून कमी खर्चात 'किलर ऑफ शीप' केली. लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीतल्या एका कत्तलखाना-कामगाराच्या घरची ही फिल्म आहे. 1990 मध्ये ती अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत, म्हणजे जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत गेली, पण थिएटरात रीतसर लागली 2007 मध्ये, कारण त्यातल्या गाण्यांचे हक्कच घेतलेले नव्हते. ते सोडवायला सुमारे दीड लाख डॉलर लागले. म्हणून एडिटिंग टेबलावर कुणी आवडतं जुनं गाणं टाकलं की मी लगेच विचारते, हे कुणाचं? गाण्याचा हक्क वेगळा आणि रेकॉर्डिंगचा वेगळा, दोन्ही घ्यावे लागतात. या प्रश्नाने सुरुवातीला सगळे वैतागतात. वैतागू द्या.

पैशांची वाट इथे आपल्यापेक्षा वेगळी आहे. मोठी फाउंडेशन्स बहुधा व्यक्तीला ग्रँट देत नाहीत, नोंदणीकृत ना-नफा संस्थेला देतात. त्यामुळे दिग्दर्शकाला एक 'फिस्कल स्पॉन्सर' शोधावा लागतो. ती संस्था पैसे आपल्या खात्यात घेते, हिशोब ठेवते आणि त्यातले साधारण पाच ते दहा टक्के स्वतःकडे ठेवते. ही कपात बजेटमध्ये आधीच दाखवायची असते. ती राहिली तर मिक्सिंगचे पैसे गेलेच समजा.

लोकवर्गणीचा मार्गही आहे. मॅथ्यू चेरी यांनी 2017 मध्ये 'हेअर लव्ह' या अॅनिमेशनपटासाठी किकस्टार्टरवर 75,000 डॉलर मागितले, जमले 2,84,000 च्या वर, आणि 2020 मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. पण हे उदाहरण सांगून कुणाला चढवू नका. किकस्टार्टरवर लक्ष्य गाठलं नाही तर एक डॉलरही हातात येत नाही, आणि ती मोहीम चालवणं हे एका माणसाचं पूर्ण वेळचं काम आहे. ते माणूस तुम्ही होऊ शकता.

सध्याचा काळ तंगीचा आहे. 2020 मध्ये पोलिसाने केलेल्या जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर ज्यांना अचानक ब्लॅक कथा हव्या झाल्या होत्या, त्यातल्या अनेकांचा उत्साह आता मावळलाय. जुलै 2025 मध्ये अमेरिकन काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणाचे 1.1 अब्ज डॉलर मागे घेतले. त्याची झळ ब्लॅक पब्लिक मीडियासारख्या, 1979 पासून ब्लॅक माहितीपटकारांना हात देणाऱ्या संस्थेपर्यंत पोचली. अर्ज लिहिताना हे डोक्यात ठेवा. एकाच ग्रँटवर सगळी फिल्म टांगू नका.

सेटवर दोन गोष्टी आधी बघा. पहिली म्हणजे प्रकाश. कोडॅकच्या जमान्यात रंग जुळवायला प्रयोगशाळांत गोऱ्या बाईचा फोटो असलेलं 'शर्ली कार्ड' वापरत, त्यामुळे गडद त्वचेचे बारकावे फिल्मवर नीट उतरत नसत. आज कॅमेरे सुधारलेत, पण निम्म्या वेळी लाइटिंगवाला जुन्या सवयीने दिवा नुसता वाढवतो. त्वचेवर थेट झोत मारण्यापेक्षा मोठा, मऊ प्रकाश कडेने द्या, म्हणजे त्वचेची चमक दिसते. दुसरी गोष्ट केसांची. ब्लॅक केस हाताळता येणारी हेअर आर्टिस्ट बजेटमध्ये असलीच पाहिजे. नाहीतर अभिनेत्री घरूनच केस करून येते आणि त्या वेळेचे पैसे तिला कुणी देत नाही.

हिंसेचं चित्रण किती, याचा निर्णय दिग्दर्शकाचा. तुमचं मत विचारलं तरच द्या. सोफिया नाहली अॅलिसन यांची 'अ लव्ह साँग फॉर लताशा' मात्र जरूर बघा. 1991 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका दुकानात संत्र्याच्या रसाच्या बाटलीवरून पंधरा वर्षांच्या लताशा हार्लिन्सला गोळी घालून मारलं गेलं. दुकानातल्या कॅमेऱ्याचं ते चित्रण टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवलं गेलं. अॅलिसन यांनी ते टाळलं आणि नात्यातल्या एका बहिणीच्या व मैत्रिणीच्या आठवणींतून मुलगी उभी केली. अशा फिल्मवर काम करताना घरच्यांना रफ कट (कच्चं संकलन) दाखवणं, तारीख त्यांच्या सोयीने ठरवणं, ही कामं प्रॉडक्शनकडे येतात. शाळेत ती कुणी शिकवत नाही.

आपल्यातले काहीजण पहिल्याच भेटीत फुल्यांची 'गुलामगिरी' (1873, अमेरिकेतल्या गुलामीविरोधकांना अर्पण), दलित पँथर (1972), आंबेडकरांनी ब्लॅक विचारवंत डू बॉईस यांना लिहिलेलं पत्र, सगळं एका दमात सांगून टाकतात. दलित आणि ब्लॅक लढ्यांचं नातं खरं आहे, घाई खोटी वाटते. शिवाय ब्लॅक दिग्दर्शिका एव्हा डुव्हर्ने यांच्या, वंश आणि जात यांची सांगड घालणाऱ्या 'ओरिजिन' (2023) या चित्रपटानंतर, ज्यात नांदेडचे दलित अभ्यासक सूरज एंगडे स्वतःच्या भूमिकेत आहेत, समोरचा माणूस जातीबद्दल थेट विचारू शकतो. तुम्ही कुठल्या बाजूला वाढलात, याचं सरळ उत्तर तयार असू द्या.

व्हिसाचं काम आधी उरका. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असताना 'मी पैसे घेत नाही, मग चालेल' हे गृहीत धरू नका. जे काम एरवी पगारी असतं, ते फुकट करणंही अडचणीत आणू शकतं. सेटवर जाण्यापूर्वी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात लेखी विचारा आणि सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम) की ओपीटी (शिक्षणाशी निगडित कामाचा परवाना), ते ठरवा.

माणसं भेटायची तर उन्हाळ्यात फिलाडेल्फियाचा ब्लॅकस्टार महोत्सव, हिवाळ्यात लॉस एंजेलिसला पॅन आफ्रिकन फिल्म फेस्टिवल. लघुपटांचे खेळ संपल्यावर दिग्दर्शक बाहेरच उभे असतात. त्यांना स्वतःची पटकथा देऊ नका. पुढच्या फिल्मचं बजेट कोण मांडतंय, एवढं विचारा.