मुरमाड माळावर अंजन वाढवताना

अंजन हे आपल्या भारतातलंच झाड. मराठवाड्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत, गौताळा अभयारण्याच्या बाजूला ते आजही आहे, पण चाऱ्यासाठी छाटणी, वणवा आणि चराई यांमुळे नवी रोपं टिकत नाहीत.

चपट्या शेंगा एप्रिल-मेमध्ये वाळतात. शेंगेला पातळ पंख असतो आणि टोकाशी एकच बी. दरवर्षी भरघोस बी धरत नाही, म्हणून चांगला बहार दिसला की त्याच वर्षी गोळा करा. जंगलातून घेणार असाल तर आधी वनविभागाची परवानगी घ्या. एकाच झाडाखालचं बी नको, दहा-बारा झाडांचं मिसळा. भोक पडलेलं बी टाकून द्या, आत कीड असते.

खरी मेख सोटमुळात आहे. वर चार पानं दिसतात तोवर मूळ खोल गेलेलं असतं. छोट्या पिशवीत ते गुंडाळतं, आणि असं रोप पुढे दुष्काळात तग धरत नाही. म्हणून बी थेट जागेवरच लावा: रात्रभर भिजवून, पहिला दमदार पाऊस झाल्यावर, फूटभर खोल भुसभुशीत केलेल्या मातीत, एका आळ्यात तीन, दीड सेंटीमीटर खाली. पाणी साचून राहणारी चिबड काळी जमीन टाळा.

गवत वाढलं की रोप दबतं. पावसाळ्यात दोन-तीनदा खुरपा. भोवती बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण हवंच, शेळ्यांना हा पाला फार आवडतो. उन्हाळ्यात शेंडा वाळला तर कृपया उपटू नका. मूळ जिवंत असतं, पावसात पुन्हा फुटतं.