वापरलेल्या पुस्तकांची ऑनलाइन अदलाबदल: स्थितीचे वर्णन कसे लिहावे

पुस्तकांच्या अदलाबदलीसाठी असलेल्या संकेतस्थळावर खाते उघडणे कोणालाही जमते. पद्धती मुख्यतः दोन असतात: दोन वाचक एकमेकांना थेट पुस्तके पाठवतात, किंवा पुस्तक पाठवून मिळालेल्या गुणांवर तिसऱ्याच कोणाकडून दुसरे मागवता येते. शक्यतो दुसरी निवडावी, कारण आपल्याला हवे असलेले पुस्तक ज्याच्याकडे आहे, त्याला नेमके आपल्याकडचेच पुस्तक हवे असणे हा योग क्वचितच जुळून येतो.

नोंदीत नावासोबत आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, द्यावा, कारण एकाच पुस्तकाच्या पुठ्ठा-बांधणीच्या आणि कागदी बांधणीच्या (पेपरबॅक) आवृत्त्यांचे क्रमांक वेगळे असतात. २००७पासून तो १३ अंकी आहे, त्याआधी १० अंकी होता. अगदी जुन्या पुस्तकावर तो नसेल, तर प्रकाशक, आवृत्ती आणि वर्ष लिहावे.

खरी कसोटी लागते ती पुस्तकाची स्थिती सांगताना. ‘स्थिती चांगली’ एवढे लिहून मोकळे व्हावे, असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो मला मुळीच मान्य नाही. मीही पूर्वी तसेच लिहीत असे. एकदा अशाच दोन शब्दांवर मी एक कादंबरी पाठवली; तिच्या शेवटच्या प्रकरणातले एक पान निसटून हरवले होते आणि पाने न चाळल्यामुळे मला त्याचा पत्ताच नव्हता. ज्यांनी ती मागवली, त्या सारी कादंबरी वाचून त्या पानापर्यंत पोहोचल्या आणि तिथेच अडल्या. मी क्षमा मागितली, त्यांचे गुण परत केले, पण त्यांच्या वाचनाचा जो विरस झाला तो भरून काढणे माझ्या हातात नव्हते.

तेव्हापासून मी प्रत्येक पुस्तक दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी बसून तपासते. पृष्ठक्रमांक ओळीने आहेत ना, हे पान उलटत पाहावे. पुस्तक मधोमध अलगद उघडून शिवण किंवा डिंक सुटला आहे का, हे बघावे. पाने नाकाजवळ धरून फडफडवावीत आणि कुबट वास येतो का, हे पारखावे. आत विसरलेली पत्रे आणि पावत्या याच वेळी सापडतात. बुरशी दिसली तर ते पुस्तक अदलाबदलीत ठेवूच नये, कारण ती दुसऱ्याच्या कपाटातील पुस्तकांनाही लागू शकते. वास घालवण्यासाठी अत्तर शिंपडणे ही सरळ फसवणूक आहे, आणि पुस्तक कडक उन्हात वाळवण्याचा सल्ला तर ऐकूच नये. उन्हाने कागद अधिक पिवळा पडतो आणि पाठीचा डिंक ठिसूळ होतो.

वर्णनात विशेषणे नकोत, दोष जिथे आहे ती जागा सांगावी. उदाहरणार्थ: ‘पाठीवर दोन उभ्या चुण्या, पृष्ठे ४१ ते ५८ पेन्सिलीने अधोरेखित, पहिल्या कोऱ्या पानावर शाईने नाव, कडा पिवळट, पाने पूर्ण, वास नाही.’ असे लिहिले तर मागणी येणार नाही, ही भीती अनेकांना वाटते. माझा अनुभव उलटा आहे: पेन्सिलीच्या खुणा चालणारे वाचक पुष्कळ असतात, न सांगितलेल्या खुणा मात्र कोणालाच चालत नाहीत. सोबत मुखपृष्ठ, पाठ, पानांच्या कडा आणि सर्वांत खराब पान यांची छायाचित्रे द्यावीत. यातले शेवटचे छायाचित्र टाळू नये.

पुस्तक आधी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावे, मग चारही बाजूंनी बोटभर मोठ्या असलेल्या दोन पुठ्ठ्यांमध्ये घट्ट बांधावे, म्हणजे कोपरे दुमडत नाहीत. चिकटपट्टी मुखपृष्ठाला लागू देऊ नये. पाठवल्यावर पार्सलचा क्रमांक कळवावा. आपल्याकडे पुस्तक आले, तर त्याच दिवशी पोच नोंदवावी, कारण अनेक ठिकाणी त्यानंतरच पाठवणाऱ्याचे गुण जमा होतात.