या चुका टाळा: झाड छाटताना कात्री आणि करवत अंगावर कशी बाळगाल

मे महिना आला की आमच्या आवारात रविवारी सकाळी सातला तेच दृश्य दिसतं. कुणाच्या खिशातून कात्रीची मूठ बाहेर आलेली, कुणी करवत काखेत धरून मोबाइलवर बोलतंय, कुणी कात्री फांद्यांच्या ढिगावर टाकून चहाला गेलंय. मुंबईत पाऊस सुरू व्हायची सर्वसाधारण तारीख ११ जून. त्याआधीचे चार-पाच रविवार आमचे गुलमोहर, बदाम, आंबा आणि जांभूळ यांच्यामागे जातात. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत मी हे काम पंधरा वर्षं करतेय, आणि दरवर्षी नव्याने येणारी मुलं त्याच त्या चुका करतात.

फांदी कुठे कापायची हे शिकवणारे खूप भेटतात. कापत नसताना हत्यार कुठे असायला हवं, हे मात्र कुणी सांगत नाही. आमच्याकडे आजवर झालेल्या जखमा आठवून बघितल्या, तर एक सोडून सगळ्या कापणं थांबलेलं असताना झाल्या आहेत. चालताना, वाकताना, फांदी ओढताना, आवरताना.

परवानगीचं आधी सांगून टाकते. झाड सोसायटीच्या आवारातलं असलं तरी झाडांच्या संरक्षणाच्या १९७५ च्या कायद्याप्रमाणे छाटणीला पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्ज वॉर्डाच्या उद्यान खात्यात करायचा. तो पावसाच्या तोंडावर नव्हे, वेळेत करायचा. आणि मी इथे लिहितेय ते फक्त जमिनीवर उभं राहून करायच्या छाटणीबद्दल. शिडी लागणार असेल तर ते काम जाणकार माणसांचं.

खिसा ही कात्रीची जागा नाही

छाटणीची कात्री, आमचे माळीदादा जिला सिकेटर म्हणतात ती, दिसायला लहान. वीस-एकवीस सेंटीमीटर लांब, वजन पाव किलोच्या आसपास. म्हणून ती खिशात घालायचा मोह प्रत्येकाला होतो. पण तिच्या दोन मुठींमध्ये स्प्रिंग असते आणि ती पाती उघडायलाच बघत असते. तिला अडवून धरते ती अंगठ्याने सरकणारी एक इवलीशी कडी. खिशातल्या किल्ल्यांना, मोबाइलला, नुसत्या कापडाला घासूनही ही कडी सरकते. मग कात्री खिशातल्या खिशात उघडते.

हे मी स्वतः भोगलंय. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. गुलमोहराची मनगटाएवढी फांदी खाली आली होती, ती ओढून बाजूला घ्यायला मी उकिडवी बसले. कात्री ट्रॅक पँटच्या उजव्या खिशात, टोक खाली. बसताना मांडी वर येते, खिसा ताणला जातो आणि खिशातली वस्तू मधल्या मध्ये दाबली जाते. टोक कापडातून मांडीत गेलं. आधी दुखलंसुद्धा नाही, घामाचा ओघळ वाटला. उठून दोन पावलं चालल्यावर मोजा ओला लागला, तेव्हा खाली पाहिलं. चार टाके पडले आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं. त्यावर जखम पिकली, कारण पात्यावर आदल्या आठवड्याचा चीक आणि माती तशीच होती.

मागचा खिसा याहून वाईट, कारण माणूस विसरून टेकतो. एप्रनचा पुढचा खिसाही नको. वाकलात की मूठ बरगडीत आणि टोक ओटीपोटाकडे. कुर्त्याला खिसे नाहीत म्हणून कात्री सलवारच्या नाडीत खोचणाऱ्या मैत्रिणीही मी पाहिल्या आहेत. त्यांना हात जोडून सांगते, असं करू नका.

माझी सवय अशी: फांदी कापली, कडी लावली, कात्री कमरेच्या पट्ट्याला लावलेल्या म्यानात. पुढची फांदी चार पावलांवर असली तरी. पहिले दोन रविवार हे जाणीवपूर्वक करावं लागतं, मग हात आपोआप कमरेकडे जातो. ‘काकू, दोनच तर फांद्या आहेत, पट्टा कशाला?’ असं विचारणारं दरवर्षी कुणीतरी असतं. त्याला मी पट्टा बांधल्याशिवाय कात्री देत नाही. दोन फांद्यांचं काम म्हणूनच माणूस बेसावध असतो.

‘जरा ठेवली होती’

आता ज्या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो ती. हत्यार गवतात ठेवणं, कट्ट्यावर ठेवणं, कापलेल्या फांद्यांच्या ढिगावर ठेवणं.

तीन वर्षांपूर्वी आम्ही बदामाच्या खालच्या फांद्या काढल्या. बदामाची पानं मोठी, त्यामुळे थोड्याच वेळात ढीग कमरेएवढा झाला. गटातल्या एका मुलाला मोठी फांदी दोन्ही हातांनी धरायची होती. त्याने घडीची करवत न मिटता ढिगाच्या कडेला ठेवली. तिच्यावर दुसऱ्याने फांद्या टाकल्या. हिरवी मूठ, हिरवी पानं. अकरा वाजता सगळे आंघोळीला गेले. बाराच्या सुमारास सफाईच्या मावशी ढीग टेम्पोत भरायला आल्या. त्यांनी पानं दोन्ही हातांनी कवेत घेतली आणि करवत तळहातात शिरली.

करवतीची जखम सुरीसारखी सरळ नसते. दात मांस फाडत जातात, त्यामुळे ती भरायला वेळ लागतो. मावशींना तीन आठवडे झाडू धरता आला नाही. दोन घरची धुणीभांडी करायच्या, ती कामंही तेवढे दिवस बंद पडली. दवाखान्याचे आणि बुडलेल्या पगाराचे पैसे आम्ही भरले, पण तळहातावरचा वण त्यांच्याकडेच राहिला. ज्याने करवत ठेवली तो मुलगा गुणी आहे, त्या दिवशी रडला. त्याला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं काम माझं होतं.

तेव्हापासून आमच्याकडे हत्यार एकतर हातात, नाहीतर म्यानात. तिसरी जागा नाही. जे कमरेला लावता येत नाही, म्हणजे लांब मुठींची मोठी कात्री आणि दांड्याची करवत, ते फांद्या पडतात तिथून लांब एका जुन्या लाल सतरंजीवर. सगळ्या मुठींना लाल इन्सुलेशन टेप गुंडाळलेली आहे, कारण बाजारात हिरव्या मुठी का विकतात हे मला आजवर कळलेलं नाही. आणि मोजणी. सकाळी हत्यारं मोजून काढायची, शेवटी मोजून ठेवायची. आकडा जुळल्याशिवाय ढिगाला कुणी हात लावायचा नाही आणि कुणी घरी जायचं नाही. एकदा एक कात्री सापडेना म्हणून आम्ही अख्खा ढीग पान-पान करून उपसला. पाऊण तास गेला. कात्री सापडली.

थोडक्यात सांगण्यासारखं

करवत काखेत धरू नका, ठेच लागली की हात आपोआप पसरतात. कात्रीला दोरी बांधून गळ्यात घालू नका, फांदीत अडकते. ओढणी घरी ठेवा. मोबाइल पट्ट्यावर नको, कारण तो वाजला की हात चुकीच्या वस्तूवर जातो. हातमोजे काढून म्यानात कोंबू नका; कात्री परत ठेवायला जाल तेव्हा ती अर्धीच आत जाईल आणि चौथ्या पावलाला खाली पडेल. खांद्यावरच्या झोळीत सगळी हत्यारं एकत्र टाकून फिरणाऱ्यांची पाती आपसात घासून बोथट होतात आणि आत हात घातला की बोटं कापतात.

लांब दांड्याची करवत

ही हातात आली की नवख्याला जोर चढतो. तो ती झेंड्यासारखी उभी धरून इमारतीला वळसा घालतो. मुंबईत डोक्यावर काय काय असतं याचा विचार करा: केबलच्या तारा, इंटरनेटच्या वायरी, खिडकीबाहेरचे एसी, कपडे वाळवायच्या दोऱ्या, आणि आमच्यासारख्या उपनगरात काही गल्ल्यांत विजेच्या उघड्या ताराही. दांडा बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचा, आणि ॲल्युमिनियममधून वीज सहज वाहते. विजेच्या तारेपासून निदान तीन मीटर लांब राहायचं, आणि फांदी तारेजवळ असेल तर तिला हातच लावायचा नाही, वीज कंपनीला कळवायचं.

दांडा नेताना आडवा, तोलाच्या जागी धरून, पातं पुढे आणि जमिनीकडे, पात्यावर झाकण. पुढे अशासाठी की ते आपल्या नजरेत राहतं. मागे असलं तर आपण वळतो तेव्हा ते मागच्या माणसाच्या चेहऱ्यावरून फिरतं. कोपऱ्यावर मी आधी हाक मारते. रविवार सकाळ म्हणजे सायकलवरची पोरं कुठूनही येतात. दांडा झाडाला टेकवून ठेवू नका, तो घसरतोच. सतरंजीवर आडवा ठेवायचा, पातं भिंतीकडे.

पट्टा कसा असावा

माझे आजोबा देवगडकडचे. त्यांच्या कमरेला मागे लाकडाची आकडी बांधलेली असायची आणि तिच्यात कोयता. वाकले, बसले, आंब्यावर चढले तरी कोयता पाठीशी गप्प. लहानपणी मला वाटायचं की तो त्यांच्या अंगाचाच भाग आहे. आज दुकानांत पट्ट्याला दहा कप्पे असलेले संच मिळतात. ते बघते तेव्हा मला ती आकडी आठवते. एक जागा, एक हत्यार, हात न बघता तिथे पोचणार.

म्हणून माझ्या कमरेला दोनच वस्तू असतात. उजव्या हाताच्या माणसाने कात्री उजवीकडे, नितंबाच्या हाडाच्या जरा मागे लावावी. करवत डावीकडे, मूठ वर. दोन्ही बाजूंना वजन असलं की पट्टा एकीकडे ओघळत नाही आणि दुपारी कंबर धरत नाही. पुढच्या बाजूला काहीही नको, कारण हे काम अर्धं वाकून आणि अर्धं मान वर करून करायचं असतं. पट्टा दोन इंच रुंद, जाड विणीचा, सैलसर सुती शर्टावरून बांधायचा. अरुंद पट्टा मेच्या घामात दोन तासांत कातडी सोलतो. बोटाएवढ्या जाडीपर्यंतच्या फांदीला कात्री, त्यावर करवत. या दोन हत्यारांत जमिनीवरचं बहुतेक काम भागतं.

म्यान विकत घ्यायलाच हवं असं नाही. माझं कात्रीचं म्यान स्टेशनबाहेरच्या चांभारकाकांनी जुन्या बॅगेच्या चामड्यातून शिवलं. जाताना कात्री बरोबर न्या, अंदाजे माप देऊ नका. टोकाशी एक रिव्हेट, म्हणजे धातूची खीळ, मारून घ्या, नाहीतर पातं महिन्याभरात शिवण उसवतं. तळाला भोक ठेवायला सांगा, भुसा आणि पाणी तिथून निघून जातं. करवतीसाठी मी इमारतीतल्या बाद झालेल्या फायर होजचा तुकडा वापरते: पात्याहून तीन बोटं लांब, खालचं तोंड दुमडून शिवलेलं. आठ वर्षं टिकलाय.

काम संपलं की पाती रॉकेलच्या बोळ्याने पुसायची. आंब्याचा चीक असेल तर आधी हातांना खोबरेल लावून मगच, नाहीतर चट्टे उठतात. मग सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. आणि शेवटच्या रविवारी, पाऊस लागायच्या आत, कात्री-करवत म्यानातून काढून ठेवायची. आपल्या हवेत चामडं जुलैपर्यंत पांढऱ्या बुरशीने भरतं आणि आतलं पातं गंजून म्यानालाच चिकटतं. माझी हत्यारं पावसाळाभर वर्तमानपत्रात गुंडाळून स्वयंपाकघराच्या माळ्यावर असतात, आणि रिकामी म्यानं दाराच्या आत खिळ्याला.