वकिली लोकांसाठी करायची असेल, तर सुरुवात तहसीलपासून करा

"मॅडम, लोकांसाठी काहीतरी करायचं म्हणून लॉ घेतलं," असं सांगत पोरं-पोरी माझ्याकडे येतात. मी पांढरकवड्याला वकिली करते. त्यांना एवढंच विचारते, लोकांचं नेमकं कोणतं काम? तिथे गाडी अडते. आणि ते उत्तर वर्गात बसून सापडतही नाही.

म्हणून सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळायची वाट पाहू नका. शिकत असतानाच तालुका विधी सेवा समितीकडे, म्हणजे गरजूंना फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या समितीकडे, विधी स्वयंसेवक म्हणून अर्ज करा. कायद्याच्या विद्यार्थ्यांना सनद मिळेपर्यंत हे काम करता येतं. मग सुटीच्या दिवसांत तहसीलच्या आवारात, अर्जनवीस बसतात त्यांच्या शेजारी बसा. भाषण द्यायचं नाही. कोण कोणता कागद घेऊन येतं आणि तो कुठे अडतो, ते वहीत लिहायचं: गाव, काम, कोणत्या टेबलावर अडलं, पुढची तारीख.

नंतर त्यातलं एक प्रकरण शेवटपर्यंत न्या. मी वारसाच्या फेरफारापासून, म्हणजे मयताच्या जमिनीवर वारसांची नावं लावण्यापासून, सुरुवात करायला सांगते. नवरा गेलेली बाई येते आणि विचारते, "माह्यं नाव लागन का जी, का पोराचंच लागते?" हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवा, मुलगा, मुलगी आणि मयताची आई सगळ्यांचा हक्क आहे. पण बाई कोलाम किंवा गोंड असेल तर थांबा. अनुसूचित जमातींना तो कायदा सहसा लागू नाही, तिथे रूढी पाहावी लागते. आमच्या तालुक्यात हा फरक रोजचा आहे आणि वर्गात तो दोन ओळींत उरकतात, याचा मला राग येतो.

अर्जासोबत मृत्यू दाखला आणि सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र लावा. "सगळ्या" वर बोट ठेवा, कारण लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं इथेच गळतात. नोंद आधी गाव नमुना सहा-क मध्ये, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत होते, मग नमुना सहाच्या फेरफार नोंदवहीत, मग नोटिसा निघतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात; आली तर सुनावणी लागते. निकाल विरुद्ध गेला तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे 60 दिवसांत अपील. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. पोच नसली की पुढच्या हेलपाट्याला "अर्ज आलाच नाही" ऐकायची तयारी ठेवा. सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत त्या बाईसोबत जाऊन पाहा. मधेच कंटाळा आला तर तेही कळलं, वाईट काही नाही. वकिलीत दुसरी कामं पुष्कळ आहेत.

सनदेनंतर तालुक्यातच दिवाणी-महसुली कामं करणारा ज्येष्ठ वकील धरा. विधी सेवेच्या पॅनलवर, म्हणजे फुकट मदतीची प्रकरणं चालवणाऱ्या वकिलांच्या यादीत, साधारण तीन वर्षांच्या वकिलीनंतर घेतात. तिथे येणारा पक्षकार 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 खाली येतो. बाई असेल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती असेल, तर उत्पन्न किती हे विचारायचंच नसतं. इथल्या कित्येक बायकांना हे ठाऊक नाही, आणि त्या फीसाठी दागिना मोडतात.

मानधन थोडं असतं. म्हणून अपघाताचे दावे, बँकेच्या नोटिसा हीही कामं घ्या, त्यात लाज कसली? घरचा किराणा भरला तरच गरिबाची तारीख शांतपणे चालवता येते.

वर्षभराने वही उलगडा. कोणत्या कामाची पानं जास्त भरली आणि कोणती तुम्ही कोणी न सांगता पुढे चालवलीत, ते दिसेल. माझ्या वहीत वारस निघाले. तुमच्या वहीत सावकारी निघाली, तर थेट दिवाणी दाव्याकडे धावू नका. 2014 च्या सावकारी कायद्यात सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो आणि अर्जाच्या आधीच्या 15 वर्षांत सावकारीत गेलेली जमीनही परत मागता येते. पांदण रस्ता, म्हणजे शेतात जायची वाट अडवल्याचं काम निघालं, तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चं कलम 5 आधी वाचा. रस्ता अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दावा गेला पाहिजे, आणि शेतकरी बहुतेकदा सातव्या महिन्यात येतो.