जुन्या चेतकला घरीच प्राइमर आणि रंग

वडिलांच्या चेतक स्कूटरचे सारे अंग पोलादी पत्र्याचे असल्यामुळे, पायदानाखाली धरलेला गंज नुसत्या रंगाने झाकणे मला मान्य नव्हते. 80 नंबरच्या पॉलिश पेपरने पत्रा उघडा पडेपर्यंत घासला, थिनरने तेलकटपणा पुसला आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्राइमर (रंगाआधी पत्र्यावर द्यायचा, ओल अडवणारा थर) मारला, कारण कोकणातल्या दमट हवेत उघडा पत्रा लगेच पुन्हा गंजू लागतो. खड्डे भरायची पुट्टी ओल शोषते. म्हणून ती प्राइमरवर पातळ थरांत भरून, कोरडीच घासून, वर पुन्हा प्राइमर दिला. रंगाच्या प्रत्येक पातळ हातानंतर थिनर उडून जाईपर्यंत थांबलो. जाड हात हमखास ओघळतो. फवारताना रसायनांची वाफ अडवणारा मास्क हवाच, साधा रुमाल पुरत नाही. डिकी आणि इंजिनाचे झाकण मात्र काढूनच रंगवावे, नाहीतर कडांखालचा गंज तसाच राहतो.